हे शेत कुणाचं?

माझी आई मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे डॉक्टरांवर तिचा जन्मभराचा विश्वास. वडील गेल्यावर ती बंगळूरला जयनगरात माझ्याकडे राहायला आली आणि तीन-चार महिन्यांत तिच्या छातीत जळजळायला लागलं. हातांना मुंग्या यायच्या, घास उतरेना. ईसीजी झाला, रक्त तपासून झालं, एंडोस्कोपी झाली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी फाईल मिटली आणि हिंदीतून तिला सांगितलं की शरीराला काही झालेलं नाही, हे सगळं मनाचं आहे. मग विचारलं, मन उदास असतं का? आई म्हणाली, नाही. ती खोटं बोलत नव्हती. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "मनाला काय धाड भरलीये माझ्या? जीव थाऱ्यावर नाही, एवढंच."

फाईलमध्ये रकाने दोनच होते, शरीर आणि मन. आईचं दुखणं तिसऱ्याच शब्दात होतं. तो शब्द ना त्या डॉक्टरांच्या हिंदीत बसत होता, ना ज्या इंग्रजीत मी तत्त्वज्ञान शिकले आणि शिकवलं त्या इंग्रजीत. मन आणि शरीर यांच्या नात्याविषयी आजवर काय काय मांडलं गेलं ते मराठीत सांगणारं हे पुस्तक त्या रिक्षातल्या वाक्यापासून सुरू झालं. पुढच्या प्रकरणांत देकार्त, स्पिनोझा, सांख्य, न्याय, चार्वाक असे सगळे भेटतील. त्याआधी वाचकाशी या 'जीव' शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं.

जीव जातो तेव्हा माणूस मरतो. जीव लागतो तेव्हा माया जडते. जीव रमतो, खालीवर होतो, टांगणीला लागतो. दमून घरी आलं की पाण्याच्या घोटानं जिवात जीव येतो. यातलं कुठलं शरीराचं आणि कुठलं मनाचं हे ठरवायला बसलं तर शब्दच हातातून निसटतो. उलट बाजूनं पाहावं तर आपल्या भावना सगळ्या अवयवांतच राहतात. भीतीचा गोळा पोटात येतो, काळजाचं पाणी होतं, रागानं अंगाचा तिळपापड होतो. एखाद्यानं धसका घेतला किंवा हाय खाल्ली असं म्हणतो, तेव्हा त्यातून तो आजारी पडेल, प्रसंगी जाईलही, हे आपण गृहीत धरलेलं असतं. भाषा म्हणते म्हणून ते खरं, असा माझा दावा नाही. सूर्य उगवतो असंही आपण रोज म्हणतो. पण दुःखानं छाती कशी दुखेल, याचं नवल आईला वाटलं नाही. ते नवल वाटायला आधी मन आणि शरीर कापून वेगळं करावं लागतं.

युरोपात हा काप सर्वांत स्वच्छ घेतला तो रने देकार्तनं, १६४१ सालच्या 'मेडिटेशन्स'मध्ये. शरीर म्हणजे जागा व्यापणारी वस्तू, ती विचार करत नाही. मन म्हणजे विचार करणारी वस्तू, ती जागा व्यापत नाही. दोन वर्षांनी, मे १६४३ मध्ये, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं त्याला पत्र लिहिलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचा प्रश्न साधा होता: एक वस्तू दुसरीला ढकलते ती स्पर्शानं, ज्याला आकार नाही, जागा नाही, ते मन माझा हात हलवतं तरी कसं? देकार्तची उत्तरं मी पुष्कळदा वाचली आहेत आणि दर वेळी ती मला अपुरी वाटली आहेत. मन-शरीराची एकी विचारानं कळत नाही, रोजच्या जगण्यात कळते, असं त्यानं तिला लिहिलं. पुढे १६४९ मध्ये मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे बोट दाखवलं. ग्रंथी झाली तरी जागा व्यापणारीच. प्रश्न होता तिथेच राहिला.

या पत्रव्यवहारातली मला सर्वांत जवळची गोष्ट १६४५ मधली आहे. एलिझाबेथला ताप आणि खोकला होता, काही केल्या हटत नव्हता. तिच्या घराण्यावर संकटांमागून संकटं आली होती. देकार्तनं तिला लिहिलं की रेंगाळणाऱ्या तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं. ज्याच्या नावावर मन-शरीराची फारकत जमा आहे, त्याला आजारी मैत्रिणीला धीर देताना ती फारकत पाळता आली नाही.

त्यानंतरच्या तीनशे वर्षांचा प्रवास पुस्तकात सविस्तर आहे, इथे नुसता धावता. लायब्निझ म्हणाला, मन आणि शरीर ही एकाच वेळी लावलेली दोन घड्याळं आहेत, एकमेकांना स्पर्श न करता जुळून चालतात. स्पिनोझाच्या मते ती एकाच सत्तेची दोन अंगं. टी. एच. हक्सलीनं १८७४ मध्ये जाणिवेला वाफेच्या इंजिनाच्या शिट्टीची उपमा दिली: इंजिन चालतं म्हणून शिट्टी वाजते, शिट्टीमुळे इंजिन चालत नाही. गिल्बर्ट राइलनं १९४९ मध्ये देकार्तच्या मनाला यंत्रात बसवलेलं भूत म्हटलं. १९५६ मध्ये यू. टी. प्लेस यांनी जाणीव ही मेंदूतलीच एक प्रक्रिया असावी असं मांडलं आणि १९५९ मध्ये जे. जे. सी. स्मार्ट यांनी त्याला बळ दिलं. मग संगणक आला आणि हिलरी पटनम यांच्यासारखे विचारवंत म्हणू लागले की मन कशाचं बनलं आहे याला महत्त्व नाही, ते काय काम करतं याला आहे.

हा शेवटचा विचार बंगळूरमध्ये कुणाला शिकवावा लागत नाही. तो इथल्या हवेतच आहे. माझ्या इमारतीतली निम्मी तरुण मंडळी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मेंदू हार्डवेअर, मन सॉफ्टवेअर हे त्यांच्या दृष्टीनं मत नसून उघड वस्तुस्थिती आहे. मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण ते आपला सिद्धांत खरोखर जगतात. थकले की 'रीबूट' व्हायला नंदी हिल्सला जातात.

मराठीत मात्र या वादाची सुरुवात कुठल्याच यंत्रापासून झालेली नाही. ती शेतापासून झाली आहे. शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात शरीराला 'क्षेत्र' म्हणणारा गीतेचा भाग आला, आणि ज्ञानेश्वरांनी तो शब्द अक्षरशः शेत म्हणून घेतला. मग त्यांनी एक वाद उभा केला, जो मला मराठीतला मन-शरीराचा पहिला मोठा वाद वाटतो. त्याचा विषय आहे मालकी. जीववादी पुढे येतात आणि म्हणतात, हे शेत जिवाचं. प्राण हे त्याचं कूळ, त्याच्या घरचे चार भाऊ राबतात, मन कुळवाडीवर देखरेख करतं, इंद्रियांचे बैल जुंपलेले असतात. लगेच सांख्यमतवाले उठतात: छे, जीव हा तर वाटेनं जाता जाता वस्तीला टेकलेला वाटसरू, आणि प्राण हा बलुतेदार, म्हणून तो जागा राहतो, शेत प्रकृतीचं, तिची ती अनादी वृत्ती आहे. तिसरे म्हणतात संकल्पाचं. चौथे म्हणतात कुणाचंच नाही, स्वभावानंच उगवतं, स्वभावानंच वाळतं. पाचवे म्हणतात, काळाचं.

ज्यानं सातबाऱ्याचा वाद एकदा तरी जवळून पाहिला आहे, त्याला या प्रसंगाची धग कळेल. शेतात राबतो एक, नाव दुसऱ्याचं, हक्क सांगायला तिसराच उभा. आणि शेताला याचं काहीच नाही, ते पिकत राहतं. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त, १९१५ मध्ये, क्षेत्रक्षेत्रज्ञविचार सांगताना शरीराला कारखान्याची उपमा दिली: बाहेरून कच्चा माल आत येतो, निवडला जातो, त्याची व्यवस्था लागते. काळानुसार उपमा बदलली. घड्याळ, इंजिन, कारखाना, संगणक. पण घड्याळापुढे किंवा संगणकापुढे उभं राहिलं की मनात पहिला प्रश्न येतो तो 'हे चालतं कसं' हा. शेतापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो 'हे कुणाचं?' माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मन-शरीराच्या चर्चेतला बराचसा गोंधळ एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यानं होतो. या पुस्तकाची सगळी मांडणी मी या एका समजुतीवर केली आहे.

गीतेच्या त्या अध्यायात क्षेत्रात काय काय मोडतं याची यादी आहे. पंचमहाभूतं आहेत, इंद्रियं आहेत, हे अपेक्षितच. पण मन, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकंच काय चेतनाही त्याच यादीत आहे. म्हणजे कुंपण मन आणि शरीर यांच्यामध्ये नाहीच. मन कुंपणाच्या आत, शरीराच्या बाजूला. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांपैकी चोवीस प्रकृतीच्या बाजूला जातात. पलीकडे उरतो एकटा पुरुष, जो काही करत नाही, फक्त पाहतो. असा काप घेतला की आईची छाती का दुखते याचं कोडं उरत नाही. दुःख आणि छाती एकाच शेतातली. एलिझाबेथचा प्रश्नही तिथे उठत नाही.

पण म्हणून आपल्या पूर्वजांनी प्रश्न सोडवून ठेवला होता, अशी फुशारकी मला या पुस्तकात कुठेही मारायची नाही. एलिझाबेथचा प्रश्न मिटला नाही, तो कुंपणावर जाऊन बसला. काहीच न करणारा पुरुष आणि काहीच न जाणणारी प्रकृती यांची गाठ कशी पडते? सांख्यकारिका आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टान्त देते: पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवतो. सुमारे आठव्या शतकात शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात यावर बोट ठेवलं. पांगळा निदान तोंडानं बोलून वाट सांगतो. तुमचा पुरुष तर काहीच करत नाही, मग तो सांगणार कसा? एलिझाबेथच्या आठशे-नऊशे वर्षं आधी विचारलेला हा तिचाच प्रश्न आहे.

चार्वाकांनी कुंपणच नाकारलं. चार भूतं एकत्र आली की त्यांतून चैतन्य उपजतं, जसं आंबवलेल्या धान्यातून मद उपजतो. विड्याचाही दृष्टान्त त्यांच्या नावावर आहे: पान, चुना, सुपारी यांतलं एकही लाल नाही, पण चावलं की तोंड रंगतं. आजचे मेंदूवैज्ञानिक ज्याला उद्भव म्हणतात त्याची इतकी घरगुती उपमा दुसरी मला माहीत नाही. चार्वाकांचं प्रकरण मी आनंदानं लिहिलं आहे आणि ते मोठं झालं आहे. त्यांचे ग्रंथ आपल्या हाती आले नाहीत, त्यांची मतं बहुतेक विरोधकांच्या तोंडून कळतात, तरीही त्यांचा प्रश्न ठसठशीत उरतो: शरीराविना जाणीव कुणी पाहिली आहे?

आता 'कसं चालतं' याकडे. या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे जे काम झालं त्याचा एक धागा लोणावळ्याहून निघतो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडतं ते दाबमापक आणि क्ष-किरण लावून पाहायला सुरुवात केली. नौली करताना पोटात कमी दाब तयार होतो हे त्यांनी मोजून दाखवलं. इच्छेनं हृदय थांबवतो असं सांगणारे योगी त्या काळी बरेच होते. वेंगर, बागची आणि आनंद या तिघा संशोधकांनी अशा काहींना ईसीजीला जोडलं. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: मनगटाची नाडी लागेनाशी होत होती, पण हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, नाडी हाताला लागत नाही. हे वाचून काहींचा हिरमोड होतो. मला मात्र या सगळ्यांविषयी आदर वाटतो, नाडी हरवणाऱ्या योग्यांविषयीही, कारण त्यांनी स्वतःला तारा लावू दिल्या.

बंगळूरचा धागा होसूर रोडवर आहे. म्हैसूर संस्थानचं मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ मध्ये एकत्र आली आणि निम्हान्स झालं. मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान अशी दोन्ही नावं त्याच्या पाटीवर एकत्र आहेत. तिथल्या जानकीरामय्या, गंगाधर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आले आहे. तीव्र नैराश्यानं दाखल झालेले, अजून उपचार सुरू न झालेले ४५ रुग्ण घेतले आणि चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटाला विद्युत्-उपचार, दुसऱ्याला इमिप्रामिन या गोळ्या, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया हा तालबद्ध श्वसनाचा प्रकार. चार आठवड्यांनी पहिल्या गटात ९३ टक्के, दुसऱ्यात ७३ आणि तिसऱ्यात ६७ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते. विद्युत्-उपचार सरस ठरला. श्वास गोळ्यांच्या जवळपास पोचला.

गट पंधरा-पंधरा जणांचे होते, आणि आपल्याला काय उपचार मिळतो आहे हे प्रत्येकाला कळतच होतं. त्यामुळे यावरून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं मात्र इथे थांबावं. वीज, रसायन आणि श्वास. तीन वाटांनी शेतात शिरता येतं आणि तिन्ही वाटांनी एकाच पिकाला पाणी पोचतं. वीज आणि रसायन बाहेरून दिलं जातं. श्वास माणूस स्वतः घेतो, ठरवून, लक्ष देऊन. मग हा अभ्यास कुठला सिद्धांत सिद्ध करतो? एकही नाही. जडवादी म्हणेल, श्वासानंही मेंदूच बदलला. द्वैतवादी म्हणेल, श्वास घ्यायचं ठरवलं कुणी? आकडे दोघांचेही आहेत. प्रयोगशाळेतला आकडा तत्त्वज्ञानाचा खटला आपोआप निकालात काढत नाही, हे मला याच अभ्यासानं सर्वांत स्पष्ट शिकवलं.

दुसरं काम २००२ सालचं, शहराच्या उत्तरेला कृषी विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं. सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत, निम्हान्सच्या सहकार्यानं, उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. नंतर पाहिलं तर आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. भीतीशी संबंधित अमिग्डालामधल्या फांद्या मात्र वाढल्या होत्या. २००४ मध्ये पुढचा भाग आला. एकवीस दिवस विश्रांती दिल्यावरही अमिग्डालातली वाढ ओसरली नव्हती, आणि उंदीर अजून बिचकत होते. भीती मनात घर करते असं आपण म्हणतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली ते घर दिसत होतं, खोल्या वाढवून बांधलेलं. मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आईची आठवण झाली आणि उंदरांचीही दया आली. दोन्ही गोष्टी इथे लिहून ठेवते.

त्या उंदराला कसं वाटत होतं? फांद्या मोजता येतात, बिचकणं मोजता येतं. त्याचं त्याला जे वाटत होतं ते या मोजणीत कुठे बसतं? टॉमस नेगेल यांनी वटवाघूळ असणं म्हणजे काय हा प्रश्न १९७४ मध्ये विचारला, म्हणजे निम्हान्स झालं त्याच वर्षी. पुण्याहून दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश प्रसिद्ध झाला तोही १९७४ मध्येच. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये नेगेलच्या प्रश्नाला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं: मेंदूची सगळी कामं उलगडली तरी त्या कामांसोबत अनुभव का असतो? हा 'कसं चालतं' याच्या पुढचा प्रश्न आहे, आणि तो 'कुणाचं' याच्या अगदी जवळ जातो. सांख्यांनी जिथे कुंपण घातलं होतं, जवळपास तिथेच पाश्चात्त्य विचार देकार्तनंतर साडेतीनशे वर्षांनी येऊन उभा राहिला आहे. तिथे पोचायला त्याला मेंदूविज्ञानाचा वळसा घ्यावा लागला, आणि तो वळसा वाया गेलेला नाही. शेत कसं पिकतं हे माहीत नसताना मालकीवर भांडणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत.

शब्दांविषयी एक खुलासा. इंग्रजी 'माइंड'साठी सगळीकडे 'मन' लिहिलं असतं तर सांख्य आणि न्यायाची प्रकरणं कळलीच नसती. न्यायदर्शनात मन हे अणूएवढं एक इंद्रिय आहे, म्हणूनच एका वेळी दोन ज्ञानं होत नाहीत. म्हणून जिथे कुणाला तरी काही जाणवतं आहे असं म्हणायचं आहे तिथे मी 'जाणीव' लिहिलं आहे, आणि 'मन' प्रत्येक दर्शनाच्या आपापल्या अर्थानं ठेवलं आहे. 'जीव' कशाचंही भाषांतर म्हणून वापरलेला नाही.

आई पुढे सावरली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या, रोज संध्याकाळी चालायला सांगितलं, आणि आधी जीव कशात रमायचा ते विचारलं. ते कन्नड बोलणारे होते. जीव हा शब्द कन्नडमध्येही आहे, त्यामुळे मला मध्ये भाषांतर करावं लागलं नाही.

हे पुस्तक निम्मं लिहून झालं तेव्हा मी तिला निम्हान्सचं मेंदूसंग्रहालय दाखवायला नेलं. काचेच्या बरण्यांतून शेकडो मेंदू मांडलेले आहेत, गाठ आलेले, रक्तस्राव झालेले, आक्रसलेले. शेवटी हातमोजे घालून एक खरा मेंदू हातात घेता येतो. तिथल्या माणसानं तो आईच्या ओंजळीत ठेवला. सव्वा-दीड किलोच्या आतबाहेर वजन असेल, तिनं हात थोडे खाली जाऊ दिले आणि सावरले. मी विचार करत होते की तिला काय सांगावं, पुढचा भाग, मागचा भाग, दृष्टी कुठली, स्मृती कुठली. तिनं त्यातलं काही विचारलं नाही. मला म्हणाली, "विचार त्यांना, हे कुणाचं?"

मी विचारलं. नावं सांगत नाहीत, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. आईनं मान हलवली आणि तो मेंदू दोन्ही हातांनी त्याला परत दिला.